मे अखेर माल्टा: आईबाबा आणि १२ वर्षांची मुलगी सोबत, काय ठेवू नि काय गाळू?

शाहूपुरीकर
नमस्कार मंडळी. मेच्या शेवटच्या आठवड्यात माल्टाला जायचं जवळपास नक्की झालंय. सहा रात्री. आम्ही दोघं, मुलगी आणि आईबाबा. बाबांचे गुडघे कुरकुरतात. सपाटीवर तासभर आरामात चालतात, पण जिना आला की बसतात. आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. मुलीला पोहायला येतं, तिला फक्त समुद्र पाहिजे.

इथल्या एका टूरवाल्यानं कार्यक्रम करून दिलाय: पहिल्या दिवशी राजधानी व्हॅलेटा, बंदरापलीकडची थ्री सिटीज आणि तटबंदीचं जुनं इम्दीना, दुसऱ्या दिवशी गोझो आणि कोमिनो ही शेजारची बेटं एकत्र, तिसऱ्या दिवशी ब्लू ग्रोटो, प्राचीन मंदिरं, मार्साश्लॉक हे कोळ्यांचं गाव आणि पॉपाय व्हिलेज. उरलेले दिवस ‘फ्री ॲट लीझर’. वाचूनच धाप लागली. यातलं काय ठेवावं? गाडी घ्यावी की बस पुरते? मुक्काम कुठं? आणि आईच्या जेवणाचं काय?

वारा_बघा_आधी
टूरवाल्याचा कागद बाजूला ठेवा. माल्टात कुठल्या दिवशी कुठं जायचं हे वारं ठरवतं, आणि तिथंच बहुतेकांचा कार्यक्रम फिसकटतो. बेट लहान आहे, सत्तावीस किलोमीटर लांब आणि साडेचौदा रुंद. एका किनाऱ्यावर लाटा आपटत असताना पलीकडच्या किनाऱ्यावर पाणी रंकाळ्यासारखं स्थिर असतं. म्हणून आदल्या रात्री हवामानाच्या ॲपवर फक्त वाऱ्याची दिशा बघायची आणि दिवस त्याप्रमाणे उचलायचा.

वायव्येचा वारा तिथं सर्रास असतो, त्याला ते मायिस्त्राल म्हणतात. तो सुटला की गोल्डन बे, आइन तुफ्फिहा, जनेयना हे पश्चिमेचे वाळूचे किनारे सोडून द्या. लाटा तर असतातच, शिवाय आत ओढणारा प्रवाह असतो, चांगल्या पोहणाऱ्यालाही तो दमवतो. त्या दिवशी दक्षिणेला आणि आग्नेयेला जायचं: ब्लू ग्रोटो, मार्साश्लॉक, बिर्झेबुजाचा प्रिटी बे. उलट आग्नेयेचा दमट, धुळकट श्लॉक सुटला की ब्लू ग्रोटोच्या होड्या बंद राहतात आणि गोल्डन बे निवांत मिळतो. ईशान्येचा ग्रिगाल आला तर मेल्लिहाचा उपसागर खवळतो, व्हॅलेटाच्या बंदरातही लाटा शिरतात. तो दिवस इम्दीना आणि त्याला लागून असलेल्या राबातला द्यावा.

ब्लू ग्रोटोला सकाळी नऊ-साडेनऊच्या आत पोचा. गुहेच्या तळाशी निळा उजेड सकाळच्या उन्हानं येतो. लहान होडी, वीसेक मिनिटांची फेरी, तिकीट धक्क्यावरच मिळतं. आगाऊ ऑनलाइन घेऊ नका, होड्या सुटणार की नाही हे सकाळीच कळतं. होडीत उतरताना धक्क्याच्या पायऱ्या ओल्या असतात. बाबांना हात द्यायला नावाडी असतो, पण पाऊल होडीच्या मधोमध ठेवायला सांगा, कडेवर नको.

मुलीसाठी मेल्लिहाचा आदीरा बे. वाळू आहे, आणि बरंच आत गेलं तरी पाणी कमरेच्या वर जात नाही. बसस्टॉप रस्त्यापलीकडेच, जिना नाही, आजीआजोबा छत्रीखाली बसू शकतात. आइन तुफ्फिहा दिसायला जास्त सुंदर, पण खाली जायला दोनशेच्या घरात पायऱ्या आहेत. तुमच्या घरच्यांसाठी तो वरच्या कठड्यावरून बघायचा.

एक गोष्ट टूरवाले सांगत नाहीत. मे अखेर ऊन चांगलं कडक असतं, पण पाणी १९-२० अंशांच्या आसपास असतं. गोव्याच्या पाण्याची सवय असलेल्याला ते गार लागतं. मुलीला अंगभर पोहण्याचा सूट घ्या, नाहीतर दहा मिनिटांत ओठ निळे घेऊन बाहेर येईल.

पायताण_साईझ_९
मुक्कामाचं मी सांगतो. स्लीमा किंवा ग्झिरा. दोन्हीकडे समुद्राकाठचा फूटपाथ सपाट आणि लांबलचक, बाबांना संध्याकाळचा फेरफटका तिथंच होतो. सूर्य आठच्या पुढं मावळतो. स्लीमाहून व्हॅलेटाला बोट आहे, पाच-सात मिनिटांत पलीकडे. सेंट ज्युलियन्सचा पाचव्हिल भाग म्हातारी माणसं सोबत असतील तर टाळा, रात्री तीनपर्यंत ढोलताशे. व्हॅलेटात राहायला झकास वाटतं, पण जुन्या घरांना लिफ्ट नसते आणि गल्ल्या म्हणजे उभ्या पायऱ्याच. बुक करताना ‘लिफ्ट आहे’ एवढंच बघू नका, लिफ्टपर्यंत जायला किती पायऱ्या आहेत तेही मालकाला विचारा.

व्हॅलेटा बाबांना कसं दाखवायचं: स्लीमाची बोट व्हॅलेटाच्या खालच्या अंगाला सोडते आणि तिथून वर मोठा चढ आहे, म्हणून त्या दिवशी बस घ्या. बस सिटी गेटच्या बाहेर सोडते, तिथून रिपब्लिक स्ट्रीट जवळपास सपाट. गेटमधून उजवीकडे वळलं की अप्पर बाराक्का बाग. तिथं खालच्या तोफखान्यातून रोज दुपारी १२ आणि ४ ला तोफ उडते. वरच्या कठड्यावरून फुकट दिसते, पंधरा मिनिटं आधी जागा धरायची. तिथंच लिफ्ट आहे, ५८ मीटर, थेट ग्रँड हार्बरच्या पाण्यापर्यंत. उतरताना पैसे नाहीत, वर येताना द्यायचे. खाली उतरून थोडं चाललं की थ्री सिटीजची बोट. त्यातल्या बिर्गूचा धक्का सपाट आहे, तिथं बसून कॉफी प्या आणि परत या. थ्री सिटीज एवढंच पुरे, आतल्या गल्ल्या चढाच्या आहेत.

सेंट जॉन्स को-कॅथेड्रल चुकवू नका. बाहेरून गोदामासारखं दिसतं, आत शिरल्यावर बोलती बंद. काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचं १६०८ चं मोठं चित्र आत आहे, त्यानं सही केलेलं ते एकमेव चित्र. रविवारी पर्यटकांना बंद. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. टोकदार टाचांची चप्पल घालू देत नाहीत, कारण सगळी फरशी म्हणजे नाइट्स लोकांच्या, म्हणजे पूर्वी माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती योद्ध्यांच्या, संगमरवरी समाध्या आहेत. आपली कोल्हापुरी पायताणंही घरीच ठेवा. चामड्याचा तळ तिथल्या गुळगुळीत चुनखडीवर बर्फावर घसरावा तसा घसरतो. रबरी तळाचे बूट न्या, आणि समुद्रासाठी वेगळे रबरी बूट, खडकांच्या फटीत सी-अर्चिनचे काटे असतात.

गाडी मात्र घेऊ नका असं माझं मत. एक्स-१ ही बस विमानतळापासून थेट चिरकेव्वाच्या, म्हणजे गोझोला जायच्या फेरीधक्क्यापर्यंत जाते. ५१, ५२, ५३ व्हॅलेटाहून राबात-इम्दीनाला. ८१ आणि ८५ मार्साश्लॉकला. ७४ ब्लू ग्रोटो आणि हजार ईमच्या मंदिरांना. तिकीट अडीच युरोच्या आसपास, दोन तासांत बस बदलली तरी तेच चालतं. हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही, हे लक्षात ठेवा.

ताराबाई_पार्क
पायताणभाऊ, बसचं सगळं खरं, पण गुडघेवाले बाबा सोबत आहेत हे विसरलात. मे-जूनपासून मधल्या स्टॉपवर बस भरून येते, पाटीवर ‘बस फुल’ लिहून पुढं निघून जाते. सावली नसलेल्या स्टॉपवर चाळीस मिनिटं उभं राहणं पासष्टी उलटलेल्या माणसाला झेपत नाही. सहाही दिवस गाडी नको, पण गोझोसाठी एक-दोन दिवस घ्याच. तिथल्या सगळ्या बस व्हिक्टोरिया गावातून सुटतात. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं तर दर वेळी व्हिक्टोरियाला परत, आणि बऱ्याच मार्गांवर तासाला एकच बस.

गाडी चालवणं आपल्याला सोपं, तिथंही डावीकडूनच चालवतात आणि स्टिअरिंग उजवीकडे. आंतरराष्ट्रीय परवाना कोल्हापूर आरटीओतूनच काढता येतो. सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, सोबत पासपोर्ट, तिकिटाची प्रत. व्हिसा आधी हातात असायची अट २०२१ मध्ये काढून टाकली आहे.  वैधता एक वर्ष, आणि मूळ परवानाही जवळ ठेवायचा. गाडीच्या अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावावर हवं. डेबिट कार्डावर काउंटरवाले महागडा विमा गळ्यात मारतात किंवा गाडीच देत नाहीत. व्हॅलेटात गाडी नेऊच नका, कॅमेरे लावून प्रवेशाचे पैसे घेतात. पार्किंगला पांढऱ्या पट्ट्यांत लावा. दुसऱ्या रंगाची पट्टी दिसली तर पाटी वाचल्याशिवाय इंजिन बंद करू नका.

आता गोझो आणि कोमिनो एका दिवसात. हे मुळीच करू नका. होतं काय, सकाळी फेरीची रांग, मग गोझोत चार ठिकाणी धावतपळत फोटो, आणि दुपारी कोमिनोला नेमक्या गर्दीत. गोझोत एक रात्र राहा. गाडीची फेरी चिरकेव्वाहून इम्जारला साधारण २५ मिनिटांत जाते, दिवसरात्र चालू असते. जाताना तिकीट कुणी मागत नाही म्हणून गोंधळू नका, पैसे गोझोहून परतताना इम्जारला घेतात. गाडीशिवाय जाणाऱ्याला पाच युरोच्या आत. रविवारी संध्याकाळी माल्टाचे लोक घरी परतत असतात, गाड्यांची रांग डोंगरावर जाते, तेव्हा परतीचा दिवस रविवार नको. व्हॅलेटाहून पाऊण तासाची जलद बोटही आहे, ती लिफ्टच्या पायथ्याजवळून सुटते, पण वारं वाढलं की पहिली तीच रद्द होते.

गोझोत काय बघायचं: जगान्तिया मंदिर सकाळी उघडताच, मग व्हिक्टोरियाचा सिटाडेला किल्ला. गाडी खालच्या पार्किंगला लावून बाबांना चढाच्या रस्त्यानं हळूहळू न्या. दुपारी जेवण आणि झोप. चारनंतर श्वेयनीची मिठागरं आणि संध्याकाळी द्वेयरा. तिथली अझुर विंडो ही खडकाची कमान ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. काही टूरवाले अजून जुना फोटो छापतात, तो बघून जाऊ नका. पण शेजारचा इनलँड सी, म्हणजे खडकांनी वेढलेलं खाऱ्या पाण्याचं तळं आहे, तिथून लहान होडी बोगद्यातून खुल्या समुद्रात नेते. ती फेरी वारं नसेल तेव्हाच होते.

कोमिनोचं ब्लू लगून, म्हणजे तिथली निळ्या पाण्याची उथळ खाडी: मे २०२५ पासून काठावर उतरणाऱ्यांना आगाऊ वेळ राखावी लागते. फुकट आहे, पण बोटीच्या तिकिटापेक्षा वेगळं. नोंदणीचा क्यूआर दाखवला की मनगटाला पट्टी बांधतात. बोटवाला ‘सगळं आमच्यात आलं’ म्हणाला तरी स्वतः खात्री करा. सावली जवळजवळ नाही, बसायला खडकच. सकाळचा पहिला गट घ्या, अकरापर्यंत आवरा. आईबाबांना त्या दिवशी स्लीमाला राहू द्या, त्यांचं काही चुकत नाही.

शाहूपुरीकर
लई भारी माहिती. गोझोची एक रात्र पक्की, तिथली गाडीही. मंदिरांचं अजून कुणी बोललं नाही. बाबांना त्यातच जास्त रस आहे, आणि हायपोजियमचं तिकीट मिळत नाही असं ऐकलंय, खरंय का?

दगडी_चौकट
मिळतं, पण दोन-तीन महिने आधी. हाल साफ्लिएनी हायपोजियम म्हणजे जमिनीखाली खडकात कोरलेलं दफनस्थान, १९०२ मध्ये घरांचा पाया खणताना सापडलं. श्वासाची वाफ आणि उजेड यांनी आतले लाल गेरूचे नक्षीकाम खराब होतं, म्हणून एका गटात फक्त दहाच माणसं सोडतात. फोटो नाही, सहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. व्हिसा व्हायच्या आत तिकीट काढायचं की नाही हा पेच प्रत्येकाला पडतो, कारण ते परत होत नाही. बाबांना खरंच बघायचं असेल तर तेवढी जोखीम घ्या. ऑनलाइन संपलंच तर दुसऱ्या दिवसाची मोजकी तिकिटं आदल्या दिवशी सेंट एल्मो किल्ल्याच्या युद्ध संग्रहालयात आणि गोझोच्या पुरातत्त्व संग्रहालयात मिळतात. ती महाग असतात, आणि सकाळी दार उघडायच्या आधी रांगेत उभं राहावं लागतं. आत अरुंद पायऱ्या आहेत, गुडघ्यांचा विचार करून ठरवा.

पायऱ्या नकोच असतील तर हजार ईम आणि इम्नायद्रा. दोन्ही एकाच तिकिटात. हजार ईम दारापासून जवळ आणि सपाट. इम्नायद्रा खाली समुद्राच्या अंगाला, साधारण पाचशे मीटर उताराची फरसबंद वाट. परत येताना चढ, आणि रखरखीत ऊन. सकाळी उघडताच जा. दोन्हींवर पांढरे तंबू दिसतात ते २००९ मध्ये उभारले, चुनखडीला पाऊस आणि खारं वारं खातं म्हणून.

इम्नायद्राचं दक्षिणेचं मंदिर बाबांना नक्की आवडेल. तिथं २० मार्च आणि २२ सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे दिवस-रात्र समान असताना, उगवत्या सूर्याची किरणं मुख्य दारातून थेट आतल्या टोकापर्यंत जातात. दक्षिणायन आणि उत्तरायणाच्या दिवशी तीच किरणं दाराच्या आतल्या दोन बाजूंच्या उभ्या दगडांच्या कडांवर पडतात. आपल्या अंबाबाईच्या किरणोत्सवासारखंच समजा, फक्त इथं किरणं मावळतीची असतात आणि तिथं उगवतीची. तुम्ही मे अखेर जाताय, तेव्हा प्रत्यक्ष काही दिसणार नाही. पण कुठल्या दगडाच्या कडेवर उजेड थांबतो ते बाहेरच्या माहितीकेंद्रातल्या चित्रफितीत दाखवतात. ती आधी बघा, मग आत जा. नाहीतर सगळे दगड सारखेच वाटतात.

या मंदिरांचं वय ऐकून बरेच लोक आकडा चुकला समजतात. जगान्तियाचं बांधकाम इ.स.पू. ३६०० च्या सुमाराचं, गिझाच्या पिरॅमिडांच्या हजारभर वर्षं आधीचं. धातूचं हत्यार नव्हतं, दगड हलवायला खाली गोल गुंडे वापरले असावेत असं मानतात. तसे गुंडे मंदिरांजवळ सापडलेत.

सरकारी स्थळांचा एकत्र पास मिळतो, तो तीन-चार ठिकाणं करणार असाल तरच परवडतो. त्यात हायपोजियम येत नाही, आणि सेंट जॉन्सचं तिकीटही वेगळंच.

खारा_मसाला
वहिनींच्या सासूबाईंच्या जेवणावर येतो, कारण पहिल्या दोन दिवसांत घरात वाद होतात ते यावरूनच.

सामानातून काय नेता येत नाही ते आधी. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, तूप, पनीर घरी. बहुतेक ताजी फळंही प्रमाणपत्राशिवाय नाहीत, तेव्हा मे महिना असला तरी हापूसची पेटी बॅगेत घालू नका. कांदा-लसूण चटणी, मेतकूट, भाजणी, पोह्याचा चिवडा, सुकी भडंग चालतात. कंपनीचं सीलबंद पाकीट न्या. तेल सुटलेली चटणी दोन पिशव्यांत बांधा, नाहीतर सगळे कपडे लाल.

स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. स्लीमा-ग्झिरा भागात भारतीय किराणा दुकानं आहेत, पोहे, तूरडाळ, आटा सगळं मिळतं. शेगडी विजेची असते, तवा सपाट तळाचा लागतो. प्लग ब्रिटनसारखा, तीन जाड चपट्या पिनांचा. आपला गोल पिनांचा बसत नाही, ॲडॉप्टर इथूनच घ्या.

बाहेर खाताना: पास्तिझी हा तिथला पापुद्र्याचा नाश्ता, एक रिकोट्टा चीजचा, एक वाटाण्याचा. वाटाण्याचा शाकाहारी वाटतो, पण पापुद्र्यात कधी डुकराची चरबी असते. ‘लार्ड आहे का?’ असं थेट विचारा, नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर हो म्हणून मोकळे होतात. फ्तीरा या गोल पावात ट्यूना ठरलेला, तो काढून टोमॅटोची कुन्सेर्वा, केपर आणि ऑलिव्ह भरून मागा. मिनेस्त्रा हे भाज्यांचं सूप, त्यात मांसाचा स्टॉक आहे का विचारा. इम्‌आरेत म्हणजे खजुराची तळलेली वडी, आईंना चालावी, पण पिठात लार्ड किंवा अंडं नाही ना ते विचारा. मांसाहारी मंडळींना सशाचा रस्सा, फेनेक म्हणजे ससा. तिखट नसतो, चटणी सोबत ठेवा.

नळाचं पाणी बरंचसं समुद्राचं गोडं केलेलं असतं, पिता येतं पण चव खारट लागते. बाटल्यांवर प्रत्येकी १० सेंट अनामत असते, सुपरमार्केटबाहेरच्या यंत्रात रिकामी बाटली टाकली की परत. बाटली चेपू नका, यंत्र घेत नाही.

वारा_बघा_आधी
मुलीच्या समुद्राचं थोडं राहिलं.

वय १२ आहे, तेव्हा प्रशिक्षकासोबतचा पहिला स्कूबा डाइव्ह करता येतो, त्याला किमान वय १० आहे आणि खोली १२ मीटरच्या आतच. आधी आरोग्याचा फॉर्म भरावा लागतो. दम्याला किंवा कानाच्या तक्रारीला ‘हो’ लिहिलं की डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तसं काही असेल तर सही कोल्हापुरातूनच नेलेली बरी. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आधी मागून ठेवा. सर्दी असेल त्या दिवशी डाइव्ह रद्द, कान मोकळे होत नाहीत. आणि डाइव्ह पहिल्या दोन-तीन दिवसांत ठेवा: एका डाइव्हनंतर १२ तास, अनेक डाइव्हनंतर १८ तास विमानात बसायचं नाही.

किनाऱ्यावर जांभळं निशाण म्हणजे पाण्यात जेलीफिश. तिथली त्रासदायक जात जांभळट गुलाबी, छत्री तळहाताएवढी, रात्रीही चमकते. डंख झाला तर गोड्या पाण्यानं धुऊ नका, चोळूही नका, न फुटलेल्या पेशी फुटतात. समुद्राच्याच पाण्यानं धुवा, चिकटलेले धागे प्लॅस्टिक कार्डानं खरवडून काढा. खाण्याचा सोडा आणि समुद्राचं पाणी समसमान घेऊन लेप लावतात. या जातीवर व्हिनेगर नको. सोड्याची पुडी आईंच्या किराणातूनच घ्या. लाल निशाण दिसलं तर पाण्यात उतरू नका. दोन लाल असतील तर पाणी सगळ्यांनाच बंद.

मार्साश्लॉकजवळच्या सेंट पीटर्स पूल या खडकांतल्या खाडीत उड्या मारतानाचे फोटो मुलगी दाखवेलच. तिथं जीवरक्षक नाही, सावली नाही, आणि पूर्वेचा वारा असेल तर शिडीवरून बाहेर येताना लाट खडकावर आपटवते. वायव्येचं वारं असेल त्या सकाळी, मार्साश्लॉकचा बाजार उरकून जा. तो बाजार रविवारी मोठा असतो, मासे लवकर संपतात, नऊपर्यंत पोचायचं. होड्यांच्या तोंडावर रंगवलेले डोळे बघायला मात्र कुठलाही वार चालतो.

पॉपाय व्हिलेज गाळा. १९८० च्या सिनेमाचा सेट, लहान मुलांसाठी ठीक. समोरच्या कड्यावरून फुकटात संपूर्ण दिसतो, तेवढं पुरे.

शाहूपुरीकर
मग दिवस असे लावतोय: पहिला दिवस आराम आणि स्लीमाचा काठ. व्हॅलेटा एक दिवस. गोझो एक रात्र. मंदिरं आणि ब्लू ग्रोटो एका सकाळी. आदीरा आणि कोमिनो वाऱ्यावर सोडले. इम्दीना कधी घालू?

ताराबाई_पार्क
संध्याकाळी पाचनंतर. दिवसभराचे टूरचे गट तोवर गेलेले असतात, प्रवेशाला पैसे नाहीत, आत गाड्या जवळजवळ नाहीत आणि वाट सपाट आहे. राबातच्या बाजूनं दारातून आत, सरळ शेवटच्या तटापर्यंत, परत. बाबांना तासाभरात होतं. शेवटची बस स्टॉपवरच्या पाटीवर उतरल्या उतरल्या बघून ठेवा.

आणि व्हिसाची अपॉइंटमेंट आजच बघा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, मार्चनंतर मुंबईच्या तारखा भरतात. फी मोठ्यांना ९० युरो. ४५ चा दर ६ वर्षांपासून १२ पूर्ण होईपर्यंतच्या मुलांना, म्हणजे बारा पूर्ण झालेल्या मुलीलाही ९०च.  ३०,००० युरोंचा प्रवास विमा आईबाबांच्या वयाला चालणारा घ्या, आणि त्यात आधीपासूनच्या आजारांचा रकाना वाचल्याशिवाय पैसे भरू नका.